जेवून घेजो, जपून जाजो: जीव लावण्याचे अनुभव

आमच्या घरी 'प्रेम' हा शब्द कोणी उच्चारलेला मला आठवत नाही. दारव्ह्याकडच्या एका गावात, कोरडवाहू रानावर वाढलो. माय-बाबांचं बोलणं व्हायचं ते बियाण्याचं, फवारणीचं, देण्याघेण्याचं. पण एक शर्ट होता.

बाबांच्या लग्नातला, जाड कापडाचा, लांब बाह्यांचा. कापूस वेचायला जाताना आमच्याकडच्या बाया लुगड्यावर घरातल्या माणसाचा शर्ट चढवतात, कारण वाळलेल्या बोंडाची टोकं हात सोलून काढतात. बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला विटका, कॉलर फाटलेलाच शर्ट येतो. आमच्याकडे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची रानातली पूजा, करून पहिला वेचा सुरू व्हायचा, त्या दिवशी बाबा पेटी उघडून लग्नाचा शर्ट मायच्या हातात द्यायचे. मी तेव्हा दुसरीत असेन. माय म्हणे, "खराब होईन ना तो." बाबा म्हणत, "मंग काय पेटीतच सडवाचा हाये?"

चार हंगामांत तो शर्ट संपला. पुढे बाबांनी स्वतःसाठी जेवढे शर्ट शिवले ते सगळे जाड कापडाचे अन् लांब बाह्यांचे, उन्हाळ्यातसुद्धा. मी त्यांना हसायचो. का शिवतात ते कळायला मला वीस वर्षं लागली.

तुमच्या घरातलं असं काही असेल तर सांगा. लहानसं असलं तरी चालेल, लहानसंच हवं आहे.

वरुड तालुका

वाटण्या झाल्यापासून बाबा आणि मोठेबाबा चार वर्षं बोलले नव्हते. विहीर मात्र सामायिक. तीन दिवस पाणी त्यांचं, तीन दिवस आमचं. संत्र्याचं झाड पाच-सहा वर्षं पोसावं तेव्हा कुठे फळाला लागतं, आणि एक उन्हाळा पाणी कमी पडलं तर त्याचं सरपण होतं. त्या मे महिन्यात विहिरीनं तळ गाठला होता. मोटर अर्धा तास चालवली की बंद करून झरे भरायची वाट पाहायची. आमच्या झाडांची पानं वळली होती. आई बगिच्यात जायचंच टाळायची.

एका सकाळी बांधाकडच्या ओळीची आळी ओली दिसली. दुसऱ्या दिवशी त्यापुढची ओळ. पाळी तर मोठेबाबांची होती. लाइन रात्रीची, म्हणजे कोणीतरी मध्यरात्री उठून पाइप आमच्या हद्दीत फिरवत होतं. आई बाबांना म्हणाली, एकदा जाऊन बघा तरी. बाबा म्हणाले, "पायलं तं बोला लागन. अन् बोललो तं तो थांबन."

मोठेबाबांची बरीच झाडं त्या साली गेली, आमची बहुतेक वाचली. त्या वर्षीच्या पोळ्याला बाबांनी आपली जोडी गावच्या रिवाजाप्रमाणे आधी आमच्या दारी आणली नाही. तोरणाखालून सुटल्यावर सरळ मोठेबाबांच्या दारात नेऊन उभी केली. मोठी आई आरती घेऊन बाहेर आली, बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली. दोघे भाऊ बैलांविषयीच बोलले. पाण्याचा विषय आजतागायत निघालेला नाही. मोठेबाबा हे वाचणार नाहीत म्हणून इथे लिहितो आहे.

सिंदेवाहीकडून

लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. मला वाटे, आपण त्यांना आवडलो नाही. मग मार्चमध्ये मोहफुलं सुरू झाली. फुलं रात्रीतून गळतात, पहाटेच वेचावी लागतात, नाहीतर जनावरं खातात. आमचं जंगल वाघाचं. घोळक्यानं जायचं, पण प्रत्येकीचं झाड वेगळं, आणि काम वाकूनच करायचं, समोर काय आहे ते दिसत नाही.

सासूबाई पलीकडच्या झाडाखालून थोड्या-थोड्या वेळानं हाक द्यायच्या, "हायेस ना वं?" मी म्हणायची, "हाव." एकदा उत्तर द्यायला उशीर झाला, तर अर्धी टोपली तिथंच टाकून धावत आल्या. मला पाहिलं, काही बोलल्या नाहीत, परत गेल्या. घरी आल्यावर पुन्हा तेच, तिखट दे, मीठ दे. पण त्या दिवसापासून मला त्यांच्या गप्प राहण्याचं वाईट वाटलं नाही.

आता त्यांना चालवत नाही, दिवसभर पडवीत बाजेवर असतात. स्वयंपाक करता करता मीच आतून आवाज देते. "आई, हायेत ना?" "हाव वं."

दर्यापूर

आमचं गाव शेंडगावापासून फार लांब नाही. गाडगेबाबांचा जन्म तिथला, 1876 चा. आजीची कंबर गेल्यावर आजोबा रोज पहाटे अंगण झाडू लागले, सडाही टाकू लागले. पारावरची माणसं त्यांना बायल्या म्हणायची. आजोबांचं ठरलेलं उत्तर होतं, "गाडगेबाबानं गावंच्या गावं झाडली. माह्यानं बुढीचं एक अंगण नाई होत काय?" रांगोळी त्यांना कधी जमली नाही. आजी उंबऱ्यात बसून काढायची, हात पोचेल तेवढीच.

हिंगणघाट

सगळं वाचते आहे, डोळे भरून येतात. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमची माय जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली. वांग्याची भाजी संपली की ती तेल-तिखटासोबत भाकर खायची, आणि आम्ही चौघं भावंडं तिच्या मायेचं कौतुक करायचो. ती चक्कर येऊन पडली तेव्हा दवाखान्यात हिमोग्लोबिन सहा निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात खायला नाही का?" होतं. भरपूर होतं.

तेव्हा कृपा करून मायच्या उपाशी राहण्याला प्रेम म्हणू नका. आमच्या घरी प्रेम केलं ते वहिनीनं. तिनं पहिलं ताट मायला वाढायला सुरुवात केली. माय महिनाभर तिच्यावर रागावली होती, ताट सरकवून द्यायची, "पोट्ट्यायले वाढ आधी." वहिनी म्हणायची, "तुमी जेवल्याबिगर मी चुलीवरचं उतरवत नाई." दादा आणि पुतणे पाट मांडून ताटकळत बसायचे. महिन्याभरानं माय हरली. आता ती पहिल्या पंगतीला बसते, आणि वांगी कमी शिजली असतील तर तसं तोंडावर सांगते.

(हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याही घरी माय शेवटीच जेवायची, आणि माझ्या आठवणीत फक्त शर्ट राहिला.)

गावाचं नाव नको

मले लंबं लिवता येत नाई, पोरगी टाइप करून रायली. मालक गेले तवा मृग तोंडावर होता. कर्जाचं सांगत नाई, ते सगळ्यायच्या घरचं एकच हाये. वावर तसंच पडलं होतं, वखराचा फेर नाई. माह्यात उठाचीच ताकद नव्हती.

एका सकाळी दारापुढं नऊ जोड्या उभ्या. कोणी कोणाले निरोप धाडला नव्हता. आमच्या गावातली इर्जिक, म्हंजे सगळ्यायनं मिळून एकाचं वावर करून द्याची रीत, बंद पडून लय सालं झाले होते. दुपारपावतर साडेचार एकर वखरून झालं. मी म्हटलं, इर्जिकीले जेवण तं घरधन्याचंच पायजे. पण एवढ्या माणसायचं पीठ घरात कुठून? मी चुलीपाशी बसून रडत होती. तं बाया आल्या, आपापल्या घरून भाकरी बांधून. एकजण म्हणे, "बेसन तेवढं तू रांध." बेसनाचं पीठ घरात होतं. मी बेसन रांधलं. मंग सगळे लिंबाखाली पंगतीले बसले अन् जाताना एकेक माणूस म्हणून गेला, "तुह्या घरचं जेवण झालं बरं बाई."

मालक गेल्यावर मी पहिल्यांदा चूल पेटवली ते त्या दिवशी.

पुन्हा दारव्हा

काल रात्री मायला हे सगळं वाचून दाखवलं. बेसनापाशी तिनं थांबवलं. म्हणाली, "आणखीन एकडाव वाच." वाचलं. मग बराच वेळ ती चुलीकडे पाहत बसली.

शेवटी मी शर्टाचं वाचलं, तर म्हणाली, "चुकीचं लिवलं. चार साल नाई घातला, तीनच. चवथ्या साली तुही बहीण झाली. कापड धुऊन धुऊन मऊ झालं होतं, त्याचे तिले लंगोट शिवले. तुह्या बापानंच फाडून देल्ला."