कपाळाला बंदूक लावून साथ थांबते?

गोदाकाठी: कालच्या धाग्यात एका महाशयांनी लिहिलंय, '२०२७च्या सिंहस्थाला ओझर विमानतळ, नाशिकरोड स्टेशन आणि सगळ्या नाक्यांवर ताप तपासा, साथ शहरात शिरणारच नाही.' वाचून डोकं उठलं. २००३ला सार्स या श्वसनाच्या साथीच्या वेळी कॅनडाने विमानतळांवर सुमारे ६५ लाख वेळा प्रवासी तपासले. सार्सचे रुग्ण सापडले शून्य! इबोला २ ते २१ दिवस अंगात दबा धरून बसतो. तोवर ताप नाही, मग ताप मोजणाऱ्या बंदुकीला काय कप्पाळ दिसणार? आणि ज्याला ताप आहे तो क्रोसिन घेऊन येतो.

पंचवटीकर: कॅनडा राहू द्या. नोव्हेंबर २०२०ला गुजरातहून यायला आरटीपीसीआर सक्तीची केली होती ना? मेहुणा सुरतेहून निघणार होता, रिपोर्ट काढला तर पॉझिटिव्ह. इकडे घरात ऐंशीचे सासरे. सांगा आता.

गोदाकाठी: तो लॅबमुळे सापडला, बंदुकीमुळे नाही. माझंच म्हणणं सांगताय.

निफाडचा बागाईतदार: माणसांचं एवढं कौतुक? २०१०ला लिहोसिनचा, म्हणजे वेलीची वाढ रोखायच्या औषधाचा, अंश निघाला म्हणून आमचे द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. घड कणाकणाने तपासतात, माणूस क्रोसिन खाऊन खुशाल आत.

पंचवटीकर: लिहोसिन मारायला कुणी सांगितलं होतं?

निफाडचा बागाईतदार: तिकडे ते चालत नाही हे आधी कुणी सांगितलं होतं? त्या वर्षीचं कर्ज मी सहा वर्षं फेडलंय. गाड्यावर पावशेर द्राक्षं घेणाऱ्यांनी शिकवू नये.

पंचवटीकर: पावशेर काढायचं काम नाही! आमच्या पोरांच्या पोटात काय जातं ते विचारलं तर एवढं झोंबलं?

सिस्टर_सिडको: अहो, द्राक्षं पुरे. २०२०ला मी नाक्यावर उभी होते. दुपारच्या उन्हात तीच बंदूक एकाच माणसाला आधी ९४ दाखवायची, मग १०१. शेवटी सगळ्यांच्या नावापुढे ९७ लिहून मोकळे. पण तपासणी सरसकट फालतू नाही हं. यलो फीवरच्या लसीचं कार्ड बघा. आपल्याकडे तो रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. म्हणून तो रोग असलेल्या आफ्रिकेतल्या देशांतून विनाकार्ड आलात तर ६ दिवस वेगळं ठेवतात. लस घ्यायची ती तिकडेच, निघायच्या निदान १० दिवस आधी.

गोदाकाठी: कार्डाचं मान्य. बंदुकीचं नाही.

पंचवटीकर: चला, साहेबांनी काहीतरी मान्य केलं, पेढे वाटा. पण मेळ्यात पटकी, म्हणजे कॉलरा, पसरते ती पाण्यातून. रामकुंडाच्या कपाळाला कोण बंदूक लावणार?

निफाडचा बागाईतदार: लिहोसिनचं उत्तर आलेलं नाही अजून.