‘मधुमेहाचे जनुक’ : ही षष्ठी कसली?

प्रश्न : एका लेखाचं मुद्रितशोधन करतेय. ‘आनुवंशिक’ आणि ‘जनुकीय’ आलटून पालटून आलेत. समानार्थी धरू का? शीर्षक आहे ‘मधुमेहाचे जनुक सापडले’.

– नका धरू. आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून आलेलं, जनुकीय म्हणजे जनुकांशी संबंधित. बहुतेक कर्करोग जनुकीय असतात, आनुवंशिक नसतात. बिघाड हयातीत काही पेशींत होतो, मुलांकडे जात नाही. (‘अनुवंशिक’ही नको. ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते.)

माझा खरा आक्षेप त्या ‘चे’ला आहे. षष्ठी फार सैल. ‘हिवतापाचा डास’ चालतो, ‘हिवतापाची गोळी’ही चालते. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात ती निदान शोभते : एकच जनुक, त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ 40 किंवा अधिक वेळा आली की पुढेमागे आजार गाठतोच. टाइप 2 मधुमेहात शेकडो ठिकाणचे फरक, एकेकाचा वाटा चिमूटभर, शिवाय वय, वजन, हालचाल. तिथे ‘मधुमेहाशी संबंध आढळलेले जनुक’ असंच लिहावं लागेल.

प्रश्न : एवढा कीस कशाला? वाचकाला कळतं.

– नाही कळत. ‘सापडले’ म्हटलं की किल्ली सापडल्यासारखं वाटतं, आता कुलूप उघडणारच! हंटिंग्टनचं जनुक 1993 साली सापडलं, आजार थोपवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तर अक्षरशः ‘ध’चा ‘मा’ झालेला असतो, जीएजीच्या जागी जीटीजी. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे 1949 मध्ये कळलं. क्रिस्परवर, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापण्याच्या तंत्रावर, आधारलेल्या उपचाराला पहिली मान्यता 2023 मध्ये. त्यातही ते चुकलेलं अक्षर तसंच राहतं. दुसऱ्याच ठिकाणी कात्री लावून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतात. म्हणून या उपचाराला ‘जनुकदुरुस्ती’ म्हणू नये, ‘जनुकसंपादन’ म्हणावं.

प्रश्न : म्हणजे ‘जनुकीय’ला ‘असाध्य’ची छटा आहे?

– लोकांनी चिकटवलीय खरी. फिनाइलकीटोन्यूरिया घ्या, प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता न येण्याचा आजार. पक्का आनुवंशिक, पण जन्मल्यावर लगेच कळला तर पथ्याने मेंदूची हानी टळते. ते पथ्य जनुक हाती लागण्याच्या कितीतरी आधीपासून देत होते.

प्रश्न : ‘चे’ आणि ‘सापडले’ दोन्ही काढलं. शीर्षक दोन ओळींचं झालंय, संपादक कुरकुरणार.