जर्मनीत नर्सिंगची मान्यता : परीक्षा की प्रशिक्षण?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी मिरजेची, बी.एस्सी. नर्सिंग, आयसीयूचा चांगला अनुभव. सध्या श्टुटगार्टजवळ राहते आणि एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करते. जर्मनची बी२ परीक्षा पास झाले आहे. पदवीच्या पडताळणीचं पत्र आलंय, त्यात वृद्धसेवेच्या प्रात्यक्षिकाचे तास कमी दाखवलेत. तेच काम इथे रोज करतेय, म्हणून मनाला जास्त लागलं.

ही कमतरता भरून मान्यता मिळवायला आता दोन वाटा आहेत. एक 'केन्टनिसप्र्युफुंग', म्हणजे तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. नापास झालं तर तो भाग एकदाच पुन्हा देता येतो. दुसरी 'आनपासुंग्सलेअरगांग', म्हणजे रुग्णालयात राहून प्रशिक्षण आणि शेवटी चर्चा. मला भीती आहे ती तोंडीची. पुस्तकी जर्मन जमतं, पण आजी-आजोबा श्वाबियन बोलीत दुखणं सांगू लागले की निम्मं डोक्यावरून जातं.

बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये (इथलं राज्य) यातून गेलेल्या ताई-दादांनी कृपया सांगा : तुम्ही काय निवडलं? प्रशिक्षणात पगार किती मिळाला? मुलगी लहान आहे, तिचं किटा (पाळणाघर) दुपारीच सुटतं. शिफ्टमध्ये सवलत मिळते का? परीक्षेच्या तयारीचा चांगला वर्ग माहीत असेल तर तेही कळवा. महिनाअखेर निर्णय कळवायचा आहे.