ओएसपीएफ गिगाबिटचा मार्ग सोडून १०० मेगाबिटची लिंक का निवडतो?

प्रश्न:
आमच्याकडे अ, ब आणि क असे तीन सिस्को राउटर आहेत. अ आणि क यांना थेट जोडणारी लिंक १०० मेगाबिटची आहे, तर अ-ब आणि ब-क या दोन्ही लिंक १ गिगाबिटच्या आहेत. ओएसपीएफ (राउटरांसाठी मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल) बँडविड्थवरून, म्हणजे लिंकच्या क्षमतेवरून कॉस्ट काढतो आणि सर्वांत कमी एकूण कॉस्टचा मार्ग निवडतो, तरीही अ कडून क कडे जाणारा सगळा ट्रॅफिक थेट, म्हणजे संथ लिंकवरूनच जातो. मग नुसते हॉप, म्हणजे वाटेतले टप्पे मोजणाऱ्या रिप या दुसऱ्या प्रोटोकॉलपेक्षा याचे वेगळेपण काय?

उत्तर १:
कॉस्ट बँडविड्थवरूनच निघते. अडचण संदर्भ बँडविड्थची आहे. संदर्भ बँडविड्थला इंटरफेसच्या बँडविड्थने भागून कॉस्ट मिळते आणि सिस्कोमध्ये हा संदर्भ मुळात १०० मेगाबिट धरलेला असतो. त्यामुळे तुमच्या थेट लिंकची कॉस्ट १ येते. गिगाबिट लिंकची ०.१ यायला हवी, पण कॉस्ट पूर्णांकातच असते आणि १ च्या खाली जात नाही, म्हणून तिचीही १ च धरली जाते. थेट मार्ग १, ब मार्गे २. म्हणजे तुमच्या जाळ्यात ओएसपीएफ खरोखरच हॉप मोजत बसला आहे! ‘ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ’ या आज्ञेने संदर्भ १००००० मेगाबिट करा. मग थेट मार्गाची कॉस्ट १००० आणि ब मार्गे १०० अधिक १००, म्हणजे २०० होईल.

उत्तर २:
बदल तिन्ही राउटरांवर करायला विसरू नका. प्रत्येक राउटर स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या इंटरफेसचीच कॉस्ट जाहीर करतो. फक्त अ वर बदल केलात, तर अ ला थेट मार्ग १००० चा आणि ब मार्गे १०१ चा दिसेल. उलट क च्या हिशेबात परतीचा थेट मार्ग १ चा आणि ब मार्गे २ चाच राहील. ट्रॅफिक एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परतेल, आणि मध्ये कुठे कनेक्शनची नोंद ठेवणारा फायरवॉल असेल, तर तो अशी पॅकेट अडवू शकतो.

उत्तर ३:
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. त्यांत एवढीच भर. हिशेबात येते ती इंटरफेसवर नोंदलेली बँडविड्थ, प्रत्यक्ष मिळणारी नव्हे. गिगाबिट पोर्टवर सेवापुरवठादाराने ५० मेगाबिटचीच जोडणी दिली असेल, तरी ओएसपीएफ तिला गिगाबिटच समजतो. अशा ठिकाणी ‘आयपी ओएसपीएफ कॉस्ट’ वापरून त्या इंटरफेसची कॉस्ट हाताने ठरवावी लागते. लिंकवर त्या क्षणी किती गर्दी आहे, याचा मात्र या कॉस्टशी काही संबंध नसतो.