प्रतिसाद: लेन्स बदलण्याआधी भरती-ओहोटी बघा

रत्नागिरीजवळच्या आरे-वारे किनाऱ्याचे फोटो सपाट येतात म्हणून वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य टिपणारी) घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, आत्ता नको. वाइड लेन्सने समोरची मोकळी वाळू आणखी मोकळी दिसेल. तुमच्या फोटोत खालचा अर्धा भाग रिकामा आहे, अडचण तिथे आहे.

त्यावर उपाय म्हणजे तिथी. अमावस्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर साधारण दुपारी बाराच्या आसपास भरती असते, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस असल्याने पाणी समुद्राकडे खूप मागे जातं. ओली वाळू आरशासारखी आकाश दाखवते, वाळूवरच्या लहरी, शेवाळलेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास नेमकं उलट, संध्याकाळी भरती. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे जाण्याचा दिवस आधीच ठरवता येतो.

कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा, परतणारी लाट शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून टिपा. पाण्याच्या रेषा नजर आपोआप आत नेतात. ट्रायपॉडचे पाय वाळूत आधीच दाबून रुतवा, नाहीतर लाट आली की फ्रेम हलते. घरी आल्यावर ते गोड्या पाण्याने धुवा.

आणि सूर्य बुडाला की लगेच निघू नका हो! खरे रंग पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत येतात. मात्र खडकांवर असाल तर पाण्याकडे पाठ करू नका.