मदत हवी आहे : वर्डमध्ये आकृत्या पेस्ट केल्या की फुटायल्यात, पेपर उद्या छापायचाय

गणित_लातूर : उद्या संध्याकाळपर्यंत दहावी भूमितीचा सराव पेपर रिझोवाल्याकडं (रिझो म्हणजे भरपूर प्रती छापायचं मशीन) द्यायचाय अन आकृत्या पेस्ट केल्या की फुटायल्यात. स्क्रीनवर चांगल्या दिसतात, प्रिंट काढली की वर्तुळाला दात फुटल्यागत, कोनाचे अंश तर वाचताच येईनात. पेस्ट स्पेशलमधी बिटमॅप, डिव्हाइस इंडिपेंडंट बिटमॅप असलं काय काय येतंय, सगळं दाबून बघितलं, फरक काहीच नाही. नेमकं कोणतं निवडायचं तेवढं सांगा, लेक्चर नको.

मांजराकाठ : आकृती काढली कशात अन कॉपी कशी करायलात?

गणित_लातूर : कॉम्प्युटरवरच काढलीय हो. विंडोज शिफ्ट एस नं कापायची अन पेस्ट. त्याचा काय संबंध?

मांजराकाठ : सगळा संबंध तिथंच हाय. ते कापणं म्हणजे स्क्रीनचे ठिपके उचलणं. स्क्रीनवर ८ सेंटिमीटरची आकृती ९६ डीपीआयच्या (इंचाला ९६ ठिपके) हिशोबानं जेमतेम ३०० ठिपक्यांची भरते, छापायला ३०० डीपीआय धरलं तरी ९४५ लागतात. नसलेले ठिपके पेस्ट स्पेशल कुठून आणणार? म्हणून कोणतंही नाव दाबलं तरी सारखंच येतंय.

डीटीपी_नांदेड : वर्डमधी पेपर बसवता कशाला राव, कोरलमधी (डिझाइनचं सॉफ्टवेअर) घ्या. आकृती काढायची, अक्षरं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू मारायचं म्हणजे कर्व्ह होतात, अक्षराची नुसती आकृती उरते, मग कुठल्याही मशीनवर न्या फॉन्टची कटकट नाही. वर्डमधीच पाहिजे असंल तर जेपीजी एक्स्पोर्ट मारा, क्वालिटी १००. पत्रिका, फ्लेक्स सगळं असंच जातंय आमच्याकडून.

उदगीरचा_मास्तर : भूमितीला जेपीजी कशाला? जेपीजी फोटोसाठी बनलंय, चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करून दाबतंय, म्हणून पांढऱ्यावर काळी रेघ असली की कडेला कचरा पडतोच. रेघा अन अक्षरं असतील तर पीएनजी, त्यात काही गळत नाही.

डीटीपी_नांदेड : सर, १०० क्वालिटीला कचरा भिंगातून बघावा लागंल. अन तुमचं पीएनजी तरी मोठं केलं की फुटतंच की.

उदगीरचा_मास्तर : फुटतंच, म्हणून आधीच मोठं काढायचं. नाहीतर ईएमएफ फाइल. त्यात ठिपके नसतात, रेघ कुठून कुठं जाते तेवढंच लिहिलेलं असतंय, कितीबी ताणा.

टेक्सभक्त : लाटेक शिका (कोड लिहून पानं मांडायचं सॉफ्टवेअर), त्यातलं आकृत्यांचं टिक-झेड वापरा. आकृती कोडमधीच, कॉपी पेस्टची भानगडच नाही.

गणित_लातूर : उद्या पेपर हाय अन आज लाटेक शिकू का? जिओजेब्रात काढलीय आकृती, सांगायचं राहिलं. त्यात ईएमएफ कुठंच दिसंना.

मांजराकाठ : जिओजेब्रा ५ का ६? आणि वर्ड कोणतं?

गणित_लातूर : ६. वर्ड २०१०, क्लासच्या मशीनवर तेच हाय.

मांजराकाठ : हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर आतापर्यंत पेपर छापून झाला असता. ६ मधी पीएनजी, एसव्हीजी, पीडीएफ मिळतंय, ईएमएफ क्लासिक ५ मधी हाय. एसव्हीजी (हेबी ईएमएफसारखं रेघांचंच) नव्या वर्डात चालतं, २०१० घेणार नाही. तर दोन वाटा. एक, एसव्हीजी काढा, इंकस्केप या चित्राच्या सॉफ्टवेअरमधी उघडा, ईएमएफ म्हणून सेव्ह करा, तिथं अक्षरांचे पाथ (म्हणजे नुसत्या रेघा) करायचा पर्याय येतो त्याला टिक करा, मग वर्डात इन्सर्ट पिक्चर. हे नाही जमलं तर पीएनजीच मोठं काढा, ८ सेंटिमीटरला १९०० ठिपके आले की ६०० डीपीआय होतंय. दोन्हीत क्लिपबोर्ड (कॉपी-पेस्ट) मधी आणूच नका.

उदगीरचा_मास्तर : पाथ करायला विसरू नका. ईएमएफात अक्षर फॉन्टच्या नावानं बसतंय, रिझोवाल्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की "केंद्र"चं भलतंच काही होईल.

हिंगोलीकर : चित्राचा बॅकग्राउंड काढायचा असंल तर पिक्चर फॉरमॅटमधी रिमूव्ह बॅकग्राउंड हाय, एकदम सोपं.

गणित_लातूर : बॅकग्राउंड कुणी विचारला?

बीडबायपास : मी विचारतो. ब्राउझरमधून लोगो कॉपी इमेज केला की पेस्ट करताना मागं काळं येतंय, का?

मांजराकाठ : जुन्या बिटमॅपमधी पारदर्शकता टिकत नाही, रिकामी जागा काळी भरते. कॉपी करू नका, पीएनजी फाइल सेव्ह करून आत टाका.

बीडबायपास : रिझोला आजकाल पानामागं किती घेतात लातुरात? आमच्याकडं झेरॉक्सच परवडायलंय.

डीटीपी_नांदेड : शंभरच्या वर प्रती असतील तरच रिझो, मास्टरचा (छापायच्या साच्याचा) खर्च निघाला पाहिजे.

गणित_लातूर : इंकस्केपवाला मार्ग लागला. वर्तुळ एकदम गोल आलं, अंशबी वाचता यायलेत. सात आकृत्या झाल्या, एका आकृतीत तुटक रेघा सलग यायल्यात, तेवढी पीएनजीनं टाकली. आता पेपर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का पेनड्राइव्हनं नेऊ?

उदगीरचा_मास्तर : पीडीएफ करा, मिनिमम साइजला हात लावू नका, स्टँडर्डच ठेवा. त्याआधी फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड मधी जाऊन "डू नॉट कॉम्प्रेस"ला टिक करा अन ती पीएनजीवाली आकृती परत टाका, वर्ड सेव्ह करताना मूळचं २२० डीपीआयवर आणून ठेवतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून गेलं की परत दाबून लहान होतंय.

डीटीपी_नांदेड : पेनड्राइव्ह न्या. अन पुढच्या वेळी कोरल.

हिंगोलीकर : सर, पेपर झाला की उत्तरासकट इथं टाका, आमच्या पोरांनाबी होईल.