मदत हवी आहे: एआय एजंटला डीफाय प्रोटोकॉलचा खात्रीचा काँट्रॅक्ट पत्ता कुठून द्यावा?

एआय एजंटसाठी डीफाय (बँकेशिवाय ब्लॉकचेनवर चालणाऱ्या आर्थिक सेवा) प्रोटोकॉल शोधून देणारं टूल बनवतोय. "बेस चेनवर यूएसडीसी व्याजाने कुठे ठेवता येईल?" असं विचारलं (बेस ही एक ब्लॉकचेन, यूएसडीसी हे डॉलरशी जोडलेलं क्रिप्टो नाणं) की आवे, कंपाउंड, मॉर्फो अशी ठेव-कर्जाच्या प्रोटोकॉलची नावं यायला हवीत.

यादी डीफायलामाच्या (डीफाय प्रोटोकॉलची आकडेवारी देणारी साइट) मोफत एपीआयवरून घेतली. आधी नुसत्या वर्णनांवर व्हेक्टर सर्च (अर्थाच्या साम्यावरून शोध) लावला, तर बंद पडलेले फोर्कच (मूळ कोडच्या नकला) वर यायला लागले. त्यांची वर्णनं मूळ प्रोटोकॉलसारखीच असतात. आता आधी चेन आणि कॅटेगरीची चाळणी, मग टीव्हीएलचा (प्रोटोकॉलमध्ये जमा असलेली एकूण रक्कम) क्रम. नावं बरोबर येतात.

अडलंय ते पत्त्यावर. त्या यादीत असतो टोकनचा पत्ता. मला हवाय पैसे जमा करायच्या काँट्रॅक्टचा (ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम) पत्ता. आवेचं सोपं आहे, त्याच्या ॲड्रेसेस प्रोव्हायडरला (चालू पत्ते सांगणारा काँट्रॅक्ट) विचारलं की पूलचा, म्हणजे पैसे जमा होतात त्या काँट्रॅक्टचा, पत्ता मिळतो. बाकीच्यांची तऱ्हा वेगवेगळी. मॉडेलला आठवणीतून पत्ता लिहू देणार नाही. पत्त्याच्या 40 अक्षरांतलं एक चुकलं तरी लोकांचे पैसे जाऊ शकतात.

एजंट फक्त वाचतो, सही वापरकर्ता स्वतःच्या वॉलेटमधून करतो. एथेरियम, बेस, आर्बिट्रम एवढ्या चेन पुरेत. सशुल्क सेवा परवडणार नाही.

प्रत्येक प्रोटोकॉलसाठी हाताने अडॅप्टर (पत्ता काढणारा वेगळा कोड) न लिहिता चेननुसार पडताळलेले पत्ते देणारा खुला स्रोत कोणी प्रत्यक्ष वापरलाय का, आणि प्रोटोकॉलची नवी आवृत्ती आली की त्यातले पत्ते वेळेत बदलतात का?